आधी कशी बोलायचीस ते दाखव

“पाणी म्हण. मग मिळेल.”

सर आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी भरलेला ग्लास घेऊन दारात थांबल्या होत्या. मी होस्टेलपासून उन्हातून चालत आले होते, घशाला कोरड पडली होती. आम्ही चौघं सतरंजीवर. बाकीचे तिघं खाली बघून हसत होते.

“पानी,” मी म्हणाले.

“पानी नाही गं. पाणी. जीभ वर लाव.”

सहा-सात वेळा झालं. एकदा जमलं. ग्लास मिळाला. सर “शाब्बास” म्हणाले आणि मला चक्क बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

सरांच्या घरी शिवाशिव नव्हती. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. सगळ्यांना ग्लास एकच. विटाळ होता तो फक्त आमच्या जिभेचा.

मी इस्लामपूरजवळच्या एका गावच्या मांगवाड्यातली. आई केरसुण्या बांधायची. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि सांगलीला कॉलेजात प्री-डिग्रीला आले. वस्तीतली पहिलीच. सहामाहीला इंग्रजीत आपटले. माझ्यासारखी बरीच होती. मग कॉलेजानं योजना काढली. एकेका प्राध्यापकानं चार कच्ची पोरं दत्तक घ्यायची, रविवारी घरी बोलावून शिकवायची. पालक-प्राध्यापक म्हणायचे त्यांना. त्यांची सही असेल तरच होस्टेलची जागा पुढच्या सत्राला राहायची. सही नाही तर बिऱ्हाड उचला. सांगलीत मला दुसरं कोण होतं?

माझे सर इंग्रजीचेच. वाटलं, नशीब काढलं. पण पुस्तक उघडायच्या आधी माझी भाषा सुधारायची, असं त्यांनी ठरवलं. तासभर आणि, पाणी, कोण, लोणी. मग चहा. मग “आता पुढच्या रविवारी.” इंग्रजीचं पुस्तक मांडीवर मिटलेलंच.

मीही हट्टाला पेटले. होस्टेलच्या गच्चीवर घोकायचे. इतकं घोकलं, की ‘ण’ नको तिथंही घुसायला लागला. एका रविवारी सरांकडे पाहुणे बसले होते. मी हात जोडले आणि म्हणाले, “णमस्कार.”

सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बायकोला हाक मारून म्हणाले, “ऐकलंस का? औषध जास्त झालं हिला.” मग मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात पोरं मला ‘णमस्कार’ घालायला लागली.

तरी मी गप्पच. अडला हरी... म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. सही हवी होती.

मग एका शनिवारी आई आली. बाजारात केरसुण्या विकून, फडक्यात भाकरी बांधून, चालत होस्टेलवर. खोलीत दोन मैत्रिणी बसल्या होत्या. आई उंबऱ्याशीच टेकली.

“पानी दे गं पोरी. लय लांबनं आलीया.”

मी तांब्या भरला. तिच्यापुढं धरला. आणि माझ्या तोंडून निघालं, “आई, पाणी म्हण.”

आईनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. पुढं केलेला हात तिनं मागं घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

“ऱ्हाऊ दे. तहान न्हाई मला.”

भाकरी ठेवून ती तशीच गेली. मी तांब्या घेऊन रस्त्यापर्यंत धावले, तर एस्टी हलली होती. त्या दिवशी मला माझी किळस आली. सरांनी मला काय शिकवलं ते मला त्या दिवशी नीट कळलं.

पंधरा दिवसांनी योजनेचा मेळावा झाला. बाहेरून मोठे पाहुणे आले होते. हॉल भरला होता. सरांनी मला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, “आधी कशी बोलायचीस ते पाहुण्यांना दाखव. मग आता कशी बोलतेस ते.”

हॉल हसायच्या तयारीत बसला होता. पाठ केलेली चार शुद्ध वाक्यं माझ्या ओठावर होती. मी खांद्यावरचा हात बाजूला केला.

“मी आदी बी अशीच बोलत हुते, आन् आता बी अशीच बोलनार. माझी आय अशीच बोलती. सरांनी मला इंग्रजी शिकवायचं हुतं. त्येवढं ऱ्हायलं.”

कुणी हसलं नाही. सरांनी माईक ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी कागद पुढं सरकवला. “माफी लिहून दे. नाहीतर सही विसर.”

“कशाची माफी, सर? तुमी सांगा, तसं लिवते.”

ते पेनचं टोपण काढत राहिले, घालत राहिले. कागद कोराच ठेवून मी बाहेर पडले. होस्टेलची जागा आता जाणारच होती. कुणी काढायची वाट न बघता संध्याकाळी ट्रंक उचलून गावी गेले. आईला सगळं सांगितलं, तिला ‘पाणी म्हण’ म्हणाले होते तिथपासून सुरुवात करून. ती एवढंच म्हणाली, “कालेज सोडू नगंस.”

मग पहाटे उठून इस्लामपूरपर्यंत चालायचं आणि तिथून एस्टी. सोमवारी पहिलाच तास सरांचा होता. मी पहिल्या बाकावर बसले. त्यांनी एक उतारा भराभर वाचला, पान उलटलं. मी उभी राहिले.

“सर, ह्ये समजलं न्हाई. पुन्यांदा सांगा.”

“तुझी योजना संपली,” सर म्हणाले.

“योजना संपली, सर. वर्ग हाय की.”

मागं कुणीतरी खोकलं. सरांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पान मागं उलटलं. मी उभीच राहिले. समजल्याशिवाय खाली बसायचं नाही, आज नाही आणि उद्याही नाही, हे मी एस्टीतच ठरवलं होतं.