कमान पाहून हवा भरजो

आता काय सांगू तुम्हाला… मी दोन ट्यूबांत हवा भरून बायको मिळवली! शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी मिशी उतरवा. मिशी मी गेल्याच वर्षी काढली, ते सोडा. पण किस्सा खरा. म्हणजे बराचसा.

माझ्याकडे तेव्हा लष्कराच्या लिलावातली पिकअप होती. मागे वजन टाकलं की म्हशीसारखी बसायची आणि नाक आभाळाकडे करायची. अशातच मूर्तिजापूरजवळच्या बापूरावांचा निरोप आला. अकोल्याहून चक्कीचं इंजिन आणायचं, आणि गाडीला ट्रॉली जोडून तिच्यात चक्कीचे दगड. बापूरावांची मुलगी कुसुम. माझं लक्ष इंजिनावर किती आणि कुसुमवर किती, हे वेगळं सांगायला हवं का?

“इंजिन सुखरूप आण गजानन,” बापूराव म्हणाले होते, “मंग तुह्या घरच्यायशी बोलतो.”

बोलतो! काय बोलतो, हे मी मनात ठरवूनही टाकलं.

अकोल्यात उस्मानभाई मिस्त्रीनं अक्कल दिली. जुन्या ट्यूबा घ्यायच्या, तरटात गुंडाळायच्या, गाडीच्या चासीखाली दोन्ही बाजूंनी ठोकून बसवायच्या आणि हवा भरायची. कितीही वजन टाका, गाडी बसणार नाही. तोंडात पान धरून तो एवढंच म्हणाला, “कमान पाहून हवा भरजो भाऊ. लई नोको भरू.”

बापूरावांच्या आवाराला दगडी कमान होती, बुटकी. म्हटलं, वा! याला त्या कमानीचीही माहिती! माल लादून तिथं पोचलो, गाडी कमानीसमोर उभी केली आणि पंप मारत बसलो. ताडपत्रीचा लोखंडी सांगाडा आणि दगड यांच्यात दोन बोटं जागा उरली तेव्हा थांबलो. व्हॉल्व्ह तरटात आत खुपसले. गाडी आत नेली, रुबाबात. कुसुम दारात उभी होती. मी तिच्याकडे न पाहता पाहिलं.

इंजिन उतरलं. ट्रॉली सोडली. गाडी हळूहळू वर आली, उठवलेल्या उंटासारखी. मला वाटलं, गाडीला आनंद झाला.

एवढ्यात बापूरावांनी बातमी दिली. “लवकर गाडी काढ बाहीर. तिवस्याचे पाहुणे येऊन राहिले कुसुमले पाहायले.”

गाडी काढली. बोनट गेलं, केबिन गेली आणि मागं कर्रर्र! सांगाडा कमानीत रुतला. वरून चुन्याची भुकटी पडली, थेट माझ्या डोक्यावर. आणि समोर पाहतो तर पाहुणे उभे! नवरदेव, त्याचा बाप आणि पोत्यासारखा त्याचा मामा.

“काहून रे, गाडी काहून थांबवली?” मागून बापूराव ओरडले.

“थांबवली नाही, अडकली!”

“आतमंदी आली तवा तं बराबर आली!”

“तवा इंजिन होतं ना पोटात!”

“मंग काय, इंजिन परत चढवू?”

“हवा सोड ना बे!” नवरदेवाचा बाप म्हणाला.

चाकांची सोडली तर गाडी जागची हलली नसती, आणि ट्यूबांची सोडणार कशी? व्हॉल्व्ह तरटात, तरट चासीखाली घट्ट. काढायला जॅक लावायचा, म्हणजे गाडी अजून वर! कमानीचा मधला दगड हलायला लागला होता. ती कमान बापूरावांच्या वडलांनी बांधलेली. ती पडली असती तर घरच्यांशी बोलणं दूरच, बापूराव माझ्याशीच बोलले नसते.

तेवढ्यात कुसुम म्हणाली, “वजनच पायजे ना? मंग माणसं बसवा.”

माणसं कोण? बाहेर उभी होती तीच!

“आमी पोरगी पाहायले आलो का वजन द्यायले?” मामा भडकले.

पण चढले. गाडीच्या कडेनं अंग चोरून मागं गेले आणि फाळक्यावरून आधी नवरदेव, मग बाप. गाडी जरा दबली. मग मामांनी पाय टाकला आणि गाडीनं मोठा सुस्कारा सोडला. बापूरावही मागून चढले. मी श्वास धरून क्लच सोडला. कर्र… कर्र… दगड डुगडुगला… आणि निघालो बाहेर! कमान शाबूत!

“अबे, गादीवानी चालते हे!” मामा मागून ओरडले. “मार एक चक्कर स्टेशनापर्यंत!”

मारली. मागं चौघं हसत, बोलत होते. इंजिनाच्या आवाजात मला काडीचंही ऐकू आलं नाही. परत आलो तर बापूरावांनी माझ्या तोंडात साखर कोंबली. “जमलं गजानन! तुह्या गाडीनं जमलं!”

मी वाकून त्यांचे पाय धरले. “सासरेबुवा, तुमच्या कुसुमले फुलावानी जपीन!”

बापूराव हळूच म्हणाले, “मी तुह्या घरच्यायशी भाड्याचं बोलणार होतो रे बाबू. सोयरीक तं तिवसेवाल्यायसंग जमली.”

मामा फाळक्याला धरून असे हसले, की गाडी परत डुलायला लागली.

तर यात बनवलेलं एवढंच: बायको मिळवली, ते. मिळवली, पण तिवसेवाल्यानं. माझी बायको दुसरी, ती आत चहा करते आहे, तेव्हा हळू बोला.

कुसुमला तिवस्याला पोचवायला गाडी माझीच होती. निघण्याआधी अकोल्यात उस्मानभाईकडे गेलो, तर त्यानं विचारलं, “कमान पाहिली का?”

आणि चाकाजवळ बोट दाखवलं. तेव्हा कुठं कळलं, की कमान म्हणजे तो गाडीच्या स्प्रिंगच्या वाकड्या पाट्यांना म्हणत होता!

“पाहिली भाऊ,” मी म्हणालो, “आता दोन्ही पाहिल्या.” ट्यूबांत हवा बेताचीच भरली. माझ्यात तर तेवढीही उरली नव्हती.