भागीबाईची राखेची करवंटी

गेल्या महिन्यात पोलादपूरच्या वरच्या वाडीतला धोंडू महाडला माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘काकी गेली, कंपाउंडरभाऊ. क्षयाच्या खोकल्यानं.’’ त्याचा उजवा डोळा गेलेला आहे. त्या डोळ्याकडे न बघता बोलायची मला कितीतरी वर्षांची सवय... त्या दिवशी मात्र बघितलं.

भागीबाई त्याची काकी. गळवावर, नायट्यावर ती सकाळची, चूळ भरण्याआधीची थुंकी लावी. तोवर कोणाशी बोलत नसे. मी दवाखान्यात कंपाउंडर, तिला थुंकीवाली वैदीण म्हणून हिणवायचो. तीही भर बाजारात विचारायची, ‘‘तुज्या बाटलीत तरी कुठल्या गंगेचं पानी हाय रे?’’ एकदा भात झोडताना धोंडूच्या डोळ्यात लोंबीचं काटेरी कूस गेलं. तिने ते काढलं, दोन सकाळी थुंकी लावली. लाली उतरत होती. तरी मीच त्याला हट्टाने दवाखान्यात बोलावलं आणि घाईत चामखीळ जाळायच्या काडीखाराचं कडक पाणी चुकून डोळ्यात घातलं. डोळा गेला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नोकरीच्या भीतीने म्हणालो, थुंकीनं सडला. ते वाडीपर्यंत पोचलं. पुढे तिच्या दारात फारसं कोणी फिरकलं नाही.

काही वर्षांनी डॉक्टरांनीच विलायती मासिकात वाचून सांगितलं, की अश्रूंत आणि लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यात असतं तसलं एक द्रव्य असतं, काही जंतू त्याने विरघळतात. सगळे नाहीत, क्षय तर थुंकीतूनच पसरतो. मी मान हलवली आणि तेव्हाही गप्प राहिलो.

त्या दिवशी ओटीवर मात्र हे सगळं धोंडूला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘डोळा माजा. कशानं जळला ते मला कळलं नाय व्हय? काकीला तवाच सांगितलं. ती म्हनाली, बोलू नको. लोकं दवाखान्यात जायाची थांबली, तर हगवणीत मरतील.’’

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. माणसं जमवून जे घडलं ते सांगितलं. कोणी रागावलं नाही... तेच जड गेलं. एक म्हातारी म्हणाली, भागीबाईला खोकला लागल्यावर आपण गळू घेऊन तिच्याकडे गेलो होतो. भागीबाईने म्हातारीला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, ‘‘आता माजी थुंकी वाईट,’’ म्हणाली आणि तिला दवाखान्यात माझ्याकडे पाठवलं. मला आठवलं. मी मलम दिलं होतं आणि कोणी पाठवलं ते विचारलं नव्हतं.

धोंडूने भागीबाईची खोली दाखवली. अंथरुणाशी करवंटी होती. आजारपणात ती करवंटीत थुंके, वर राख टाकी आणि सकाळी परसात खोल पुरून येई. दवाखान्याच्या पायरीवरून मी हेच ओरडून सांगायचो, तेव्हा कोणी ऐकत नसे. करवंटी घासलेली होती. तळाशी दुसऱ्या दिवसासाठी घातलेली राख तशीच होती.