पटांगणातली उलटी भीमा

तांबोळी सर गेल्याचं मला शिक्रापूरच्या चौकात, ट्रकांच्या धुरळ्यात एस.टी.ची वाट बघत असताना कळलं. सांगणारा आमचाच जुना विद्यार्थी, आता तिथल्या कारखान्यात लागलेला. "सर, तांबोळी सर गेले सकाळी. दुपारी राहू गावात दफन हाय," तो म्हणाला, आणि जरा थांबून त्यानं विचारलं, "त्यो पटांगणातला नकाशा अजून उलटाच हाय का वो?" मी होकारार्थी मान हलवली. अशा वेळी याला नकाशा आठवावा याचा मला राग आला... आणि त्याचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

मांडवगण फराट्याच्या वाटेवर, भीमेच्या अंगाला आमची शाळा. सर भूगोल शिकवायचे, मी चित्रकला. नव्वदच्या दशकात संस्थेचे अध्यक्ष भेटीला येणार म्हणून पटांगणातल्या सिमेंटवर शिरूर आणि दौंड तालुक्यांचा मोठा नकाशा काढायचं ठरलं. प्रमाण सरांनीच दिलं, एक वीत म्हणजे एक किलोमीटर. सूचीही त्यांचीच: निळी नदी, काळा रस्ता, लाल गावं. नेमके त्यानंतर ते चार दिवस रजेवर गेले. पाहुण्यांच्या खुर्च्या उत्तरेच्या व्हरांड्यात मांडायच्या होत्या, तिथून नकाशा सुलट दिसला पाहिजे असं हेडमास्तरांचं म्हणणं पडलं. मलाही ते पटलं. चित्राचं तोंड बघणाऱ्याकडेच असतं. मी नकाशाची उत्तर बेलाशक खऱ्या दक्षिणेला केली आणि बाणाच्या टोकाला झोकदार 'उ' काढला. खरी भीमा पटांगणापलीकडे दक्षिणेला, आणि माझी उत्तरेला, ऑफिसच्या पायरीशी.

सर रजेवरून आले, नकाशाभोवती एक फेरी मारली. "कलाकार, चित्र झकास हाय," ते म्हणाले, "पण शिरूरवर उभं राहून पोरगं दौंडला निघालं, तर नगरला पोचंल." सगळी स्टाफरूम हसली. मला हसू आलं नाही.

पुढची तेरा वर्षं दर जूनला सर पाचवीचा वर्ग घेऊन त्या नकाशावर यायचे. आधी मुलांना कुंपणापर्यंत नेऊन नदीकाठची झाडं दाखवायची, मग नकाशातली नदी भलतीकडे का आहे ते समजावायचं, मग सांगायचं की नकाशा मनातल्या मनात उचला आणि फिरवून ठेवा. एकदोघांना जमायचं. बाकीचे परीक्षेत दौंड शिरूरच्या उत्तरेला लिहायचे, आणि त्यांचे मार्क कापताना सर स्टाफरूममध्ये स्वतःवरच चिडायचे. बाणापाशी ते खडूनं 'दक्षिण' लिहायचे, ते शिपाई सकाळी झाडून टाकायचा. हेडमास्तरांकडे गेलं की एकच उत्तर, अध्यक्ष पुन्हा आले म्हणजे?

दिवाळीची सुट्टी आली की सर मला विचारायचे, यंदा घेऊ या का करायला... मी 'बघू' म्हणायचो. खरं सांगायचं तर आपण काढलेलं आपणच पुसायचं माझ्या जिवावर यायचं. आणि चीड मला त्यांचीही यायची, अजून येते. हा माणूस स्वतः ब्रश घेऊन का बसला नाही? एकदा मी तसं तोंडावर बोललोही. "हात तुमचा हाय," ते म्हणाले. "म्या पुसला तर तुमचा अपमान व्हईल." असल्या सभ्यपणापायी पोरांच्या किती तुकड्या चुकीचं शिकून गेल्या.

पंधरा दिवसांनी शोकसभेत ठराव झाला, सरांच्या स्मरणार्थ नकाशा नव्यानं रंगवायचा. माझा जीव भांड्यात पडला. सभा संपल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. सरांचा फोटो व्हरांड्यात लावणार आहोत, तेवढा नकाशा फोटोकडून सुलट दिसेल असं बघा, म्हणाले. म्हणजे नव्यानं रंगवूनही तो उलटाच राहणार. भांडायचंही त्राण उरलं नाही.

मी कुणाला न विचारता सगळं खरवडलं आणि उत्तरेला उत्तर केली. फोटो पटांगणाच्या दक्षिणेला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर लावला. तिथून नकाशा सुलटही दिसतो आणि बरोबरही. सोमवारी हेडमास्तरांनी तो काढून व्हरांड्यात नेला, आणि आता सरांना शिरूर उलटं दिसतं म्हणून माझ्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. नव्या भूगोलाच्या बाई मुलांना नकाशावर उभं करतात, मुलं बरोबर नदीकडे बोट दाखवतात, कुणालाच मनात काही फिरवावं लागत नाही. शनिवारी दुपारी खरवडायला बसलो होतो, रविवारी दिवेलागणीला काम उरकलं. एवढंच होतं ते... तेरा वर्षांत मी सरांना एक शनिवार-रविवार दिला नाही.