अकरा महिन्यांची मुलं

आमच्या शाळेची प्रगती सांगायची तर आधी छाती फुगते आणि लगेच डोकं फिरतं. चाकणजवळच्या या गावात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा कौलारू दोन खोल्या होत्या आणि सगळी पोरं एकमेकांची चुलत भावंडं. मग कंपन्या आल्या, शेतांत भाड्याच्या खोल्या उठल्या. आता शाळा तीन मजली आहे, दोन पाळ्यांत भरते. गावकऱ्यांची स्वतःची पोरं मात्र पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे येतात ती भाडेकरूंची.

आणि भाडेकरू अकरा महिन्यांचा. करार संपला की खोली रिकामी. जास्त राहिला तर हक्क सांगेल, ही मालकांना धास्ती.

दुसरीतली एक मुलगी बीडकडची. तिच्या बोलण्याला पोरं हसली, तसं तिनं तोंडच मिटलं. गणपती गेले, दिवाळी गेली, हूं नाही की चूं नाही. एकदा खिचडी खाताना अचानक म्हणाली, "बाई, मीठच न्हाई की ह्याच्यात." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवसापासून पहिला घास तिचा. चाखायची, निकाल द्यायची आणि मग दिवसभर तोंडाला खळ नसायचा.

नेमका तेव्हाच तिच्या बापाचा करार संपला.

खोलीमालक माझाच जुना विद्यार्थी. शाळेला रंग त्यानं दिला, पंखे त्यानं दिले. मी म्हटलं, "बाबा रे, शाळेचं वर्ष तरी पुरं होऊ दे तिचं."

"बाई, तुमचा शब्द मोडायचा म्हंजे जिवावर येतं. पण आज ह्यांना ठिवलं तर उद्या समदेच अडून बसतील." मग माझीच समजूत काढत म्हणाला, "नव्या भाडेकरूची दोन पोरं हायेत. सोमवारी धाडतो. पट कमी न्हाई होणार."

पट! मी घरी आले.

महिन्याभरानं भोसरीतल्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या बाई आधी तिच्या दाखल्याचं बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, "ही मुलगी मुकी आहे का हो?"

मी ओरडलेच, "अहो, नाही! तिला खिचडी चाखायला द्या. मीठ कसं झालंय ते विचारा."

"इथं खिचडी गाडीनं येते. वाटून होईतो दुसरी पाळी दारात उभी असते. कुणाकुणाला काय काय विचारू, बाई?"

त्यांना तरी काय बोल लावणार? त्या सोमवारी माझ्या वर्गात आलेली नव्या भाडेकरूची मुलगी अजून खाली मान घालूनच बसत होती.

"मुकी नाही हो ती," एवढंच मी फोनवर परत परत म्हणत राहिले.