उंदराचा मोदक

“मोदकांना तिचा हात नको, वहिनी. ती तिकडे उंदीर मारते,” आत्या आईला हळूच म्हणाली. ओलं खोबरं आणि गूळ शिजल्याचा वास आला की तमिळनाडूत कुंभकोणमच्या आमच्या घरातली ती चतुर्थीची सकाळ आठवते. आमच्याकडे गणपतीच्या उंदरासाठी एक इवला मोदक वेगळा करतात, आणि लहानपणापासून तो मीच वळत आले होते. मी हात धुऊन दाराशी थांबले. आत्या म्हणाली ते खोटं नव्हतं. बाबा ज्या आजाराने गेले, त्यात हृदयाचा स्नायू जाड होत जातो. त्यांच्या जनुकात सापडलेला बदल आम्ही प्रयोगशाळेत उंदरांच्या भ्रूणात करतो, पिल्लं वाढू देतो आणि शेवटी त्यांना मारून हृदय तपासतो. हे मी इंग्रजीत तासभर समजावू शकते. घरच्या मराठीत एकदाही सांगितलं नव्हतं. आईने सारणाचं पातेलं आत्याकडे सरकवलं. ते उचलून चार पावलं चालताच आत्या धापा टाकत भिंतीला टेकली. सकाळी जवळच्या साक्कोट्टै गावाहून आली तेव्हाही ती जिन्यात दोनदा थांबली होती आणि वय झालं म्हणून हसली होती. ती बाबांची सख्खी बहीण. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. “आत्या, मोदक तूच वळ,” मी म्हणाले, “पण बाबांचा आजार मी ज्या उंदरांना देते, त्यांना असाच दम लागतो. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे हृदय तपासायला चल.”