तांब्यांनी न उच्चारलेला शब्द

नवीन कुत्रा आला की तांबे त्याच्या पिंजऱ्याकडे पाठ करून बसायचे. लोखंडी स्टूल जाळीशी ओढायचे, कालचं वर्तमानपत्र उघडायचे आणि मोठ्याने वाचायला लागायचे. बातम्या नव्हेत, छोट्या जाहिराती. 'पाहिजेत : दोन फिटर, एक टर्नर.' 'हरवले आहे : दहावीचे प्रमाणपत्र.' आत कुत्रा जाळीवर झेपा घेत असायचा आणि बाहेर हे शांतपणे फिटर-टर्नर वाचत असायचे. वीसेक मिनिटांनी भुंकणं उतरायचं आणि जाळीतून एक नाक त्यांच्या कॉलरपाशी यायचं. मग तांबे पान उलटायचे. मी तिथे रुजू झाले त्या दिवशी हा प्रकार पाहिला आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

"त्याला आधी मला बघू दे बाई," ते न वळताच म्हणाले. "मी नंतर बघतो त्याला."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळच्या खाडीकडच्या टोकाला आमचा कोंडवाडा होता. पुढच्या आवारात मोकाट गुरं, मागे कुत्र्यांचे बारा पिंजरे आणि मध्ये पत्र्याखाली माझं तपासणीचं टेबल. मी तिथली पशुवैद्य, वय तेहेतीस. तांबे पट्टीबंधक, पन्नाशीला टेकलेले. पट्टीबंधक हे त्यांच्या पदाचं कागदावरचं नाव. जखमा धुणं, औषध लावणं, पट्ट्या बांधणं हे काम. माणूस मूळचा मंडणगडकडचा, बौद्ध, बारीक चणीचा, दिवसातून दहा वेळा हात धुणारा. त्यांनी बांधलेली पट्टी कुत्र्याला कधी सोडता आली नाही. गाठ कुठे मारायची हे ते आधी कुत्र्याचं तोंड कुठवर वळतं ते बघून ठरवायचे. मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडून शिकले, पण शिकले असं त्यांना कधी सांगितलं नाही.

आसपासच्या नव्या सोसायट्यांतून रोज तक्रारी यायच्या की तुमची कुत्री फार भुंकतात. फोन तांबेच घ्यायचे. "भुंकतायत ना साहेब? मग चांगलंय. भुंकायचे थांबले की कळवा." समोरच्याला वाटायचं, हा माणूस थट्टा करतोय. मला ते म्हणायचे, "भुंकणाऱ्याचं टेन्शन नाय बाई. गप बसतो ना, त्याच्याकडे जाऊन बघायचं."

त्यांची एक सवय मात्र मला पटत नसे. मेलेल्या जनावराला ते कधी 'मेला' म्हणत नसत. 'गेला' म्हणत. पहिल्या महिन्यात ते टेबलापाशी येऊन म्हणाले, "चार नंबर गेला," आणि मी फाटकाकडे धावले. फाटक बंद होतं. परत आले तर तांबे तिथेच उभे.

"कुणी सोडला त्याला?"

"सोडला नाय कुणी. आतच आहे."

मला हसू आलं नाही. आमच्याकडून कुत्री तीन तऱ्हांनी जायची : काही मालक घेऊन जात, काही आम्ही पकडलं तिथे परत सोडत असू आणि काही मरत. तिन्हींना एकच शब्द वापरला तर काम कसं चालायचं? मी वेळेची आणि कागदाची माणूस. मी लेखी सूचना काढली : जनावर मेल्यास नोंदवहीत 'मृत' लिहावे व तोंडी सांगताना 'मेला' असेच सांगावे, 'गेला' हा शब्द मालकाने नेल्यासच वापरावा. खाली सही करायला कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, लिहायचं ते लिहीन. बोलायचं जरा..."

"कारणं नकोत, तांबे. सही करा."

त्यांनी सही केली. त्यानंतर नोंदवहीत 'मृत' स्वच्छ अक्षरात यायला लागलं. तोंडाने मात्र ते काहीच सांगत नसत. टेबलाशी यायचे, वही उघडून बोट ठेवायचे आणि उभे राहायचे. मला वाटलं, शिस्त लागली.

दोन वर्षांनी सात नंबरच्या पिंजऱ्यात एक पामेरियन आला. नेरूळच्याच एका सोसायटीतला, बंटी नावाचा. त्याने दारावर मासळी विकायला आलेल्या बाईला मनगटाला चावलं होतं. तिचं नाव ताराबाई, जवळच्या दिवाळे गावची कोळीण. मालकांचा नोकर कुत्रा घेऊन आला, त्याच्यामागे ताराबाई डोक्यावर पाटी घेऊन भांडत आली. तांब्यांनी आधी तिची पाटी उतरवली, तिला नळाखाली बसवलं आणि साबणाने पंधरा मिनिटं तिचं मनगट धूत राहिले. ती ओरडत होती, "सोर मेल्या, चामरी काढतंस का हाताची?" ते म्हणत होते, "ओरडा तुमी. हात हलवू नका."

त्या काळात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. ताराबाईने दवाखान्यात ठाम नकार दिला. मग तिथल्या डॉक्टरांचं आणि माझं ठरलं : कुत्रा दहा दिवस कोंडवाड्यात नजरेखाली ठेवायचा. दहा दिवस ठणठणीत राहिला तर सुयांची गरज नाही. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी सुरू. मालक रोज फोन करत, ओळखीच्या पुढाऱ्याकडूनही करवत : आमचा बंटी घरी पाठवा, तो तिथे उपाशी राहील. मी रोज नाही म्हणत होते.

पाचव्या दिवशी तांबे म्हणाले, "सात नंबर गप बसलाय."

मी जाऊन पाहिलं. कुत्रा कोपऱ्यात पडून होता. ताप नव्हता, लाळ नव्हती. खाणं कमी झालं होतं. गादीवर झोपणारा प्राणी, फरशीवर आणून टाकलाय, रुसणारच. मी नोंद केली आणि म्हणाले, "लाडावलेला आहे."

"असेल," तांबे म्हणाले. पण त्या दिवशी ते जाहिराती न वाचताच त्याच्यासमोर बसले, तोंड त्याच्याकडे करून.

सहाव्या दिवशी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला जावं लागलं. सातव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत एसटीडी बूथवरून फोन केला. मागे रांग, बाहेर रिक्षांचा गोंगाट.

"सात नंबरचं काय?"

थोडा वेळ तांबे बोललेच नाहीत. वहीवर बोट ठेवून दाखवण्याची सोय फोनवर नव्हती, हे मला फार नंतर सुचलं.

"सात नंबर गेला बाई. सकाळीच."

"गेला? माझ्या परवानगीशिवाय?"

"परवानगी कुठे विचारतो बाई तो. गेलाच."

माझं डोकं फिरलं. पुढारी येऊन दमदाटी करून कुत्रा घेऊन गेला आणि यांनी फाटक उघडलं, असंच मी धरून चालले. "आल्यावर बघते तुमच्याकडे," म्हणाले आणि फोन आपटला. लगेच तिथूनच दवाखान्यातल्या डॉक्टरांना लावला. त्यांना म्हणाले, कुत्रा मालकांनी घरी नेला. नेण्यासारखा होता म्हणजे बरा असणार. त्यांनी ताराबाईला तसा निरोप पाठवला : तुझी सुटका झाली.

नवव्या दिवशी सकाळी मी कोंडवाड्यात शिरले ती तांब्यांना फैलावर घ्यायच्या तयारीने. ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. मासळीच्या लाकडी खोक्यात, बर्फात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बंटी होता. दिवाळ्याच्या धक्क्यावरून दोन दिवस ते सायकलवर बर्फ आणत होते. संशयित कुत्र्याचा मेंदू तपासायला पाठवायचा असतो, तो खराब होता कामा नये, हे मीच कधीतरी सांगितलेलं. नोंदवहीत सातव्या दिवसापुढे 'मृत' लिहिलं होतं, वेळेसकट.

मी ती वेळ पुन्हा वाचली. तांब्यांनी विचारलं, "त्या बाईच्या सुया चालू झाल्या ना?"

त्या दिवशी दुपारच्या आत ताराबाईला पहिली सुई पडली. सहज पडली नाही. ती म्हणाली, परवा बरी होते, आज कशी आजारी पडले? शेवटी तांबे तिला म्हणाले, "माझ्या बोलण्यात गडबड झाली ताई. तुमी माझ्यावर ओरडा, पण चला." पुढचे तेरा दिवस ते रोज सकाळी दिवाळ्याला जायचे, तिची पाटी सायकलच्या कॅरियरला बांधायचे आणि तिला दवाखान्यात आणायचे. ती आत गेली की बाहेर पाटीपाशी बसायचे. कुणी भाव विचारला तर सांगायचे, पण घासाघीस करता येत नसे. ताराबाई पोट धरून बाहेर यायची आणि हिशेब ऐकून कपाळाला हात लावायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटायला म्हणून मीही दोन-तीनदा गेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला त्या दिवशीही गेले होते. कुत्रा पिसाळलेलाच होता.

त्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या ताराबाईने त्यांना विचारलं, "मेला बोलाला काय जीभ झरते तुजी? आमी त दिसभर बोलतो."

तांबे जरा वेळ पाटीवरच्या माशा हाकलत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावात कुणाचा बैल पडला की वरच्या आळीतून हाक यायची. मेलाय रे, ओढून न्या. बापाचं नाव नाय घ्यायचे. 'मेलाय रे' म्हटलं की तो जेवणावरून उठायचा. पुढे त्याने ते काम सोडलं, त्यासाठी मार खाल्ला. मला म्हणाला, हा शब्द घरात नको. म्हणून नाय येत तोंडात."

हे तांब्यांनी मला ऐकवायला सांगितलं नव्हतं. मी शेजारी उभी होते, एवढंच.

पंधरवड्याने चौकशी झाली. दिवाळ्याची माणसं वरच्या ऑफिसात जाऊन विचारत होती, की आमच्या बाईला बरी आहेस असं सांगितलं कुणी. एक वरिष्ठ अधिकारी आले आणि माझ्याच टेबलाशी बसले. मला विचारलं, कुत्रा घरी गेल्याचं दवाखान्याला कुणी कळवलं? मी म्हणाले, "मी. फोनवर तांब्यांनी 'गेला' असं सांगितलं. जनावर मेल्यास 'मेला' असंच सांगावं, अशी लेखी सूचना त्यांना दोन वर्षांपूर्वी दिलेली आहे." आणि सहीचा कागद पुढे ठेवला.

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी फक्त पाचव्या दिवसाबद्दल बोलले नाही. फोन कुणी आपटला तेही सांगितलं नाही. बाकावर ऐकलेलं तर नाहीच.

अधिकाऱ्यांनी तांब्यांकडे पाहिलं. "ही सही तुमची?"

"होय साहेब. बाईंनी सांगितलं होतं मला."

"आणखी काही सांगायचंय?"

तांबे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद सरळ करत होते.

"नाय साहेब."

त्यांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला आणि बदली झाली, द्रोणागिरीला, एका गोदामाच्या फाटकावर. तिथे जनावर नव्हतं. जाताना त्यांनी मला पिंजऱ्यांच्या चाव्या दिल्या आणि सांगितलं, की तीन नंबरच्या पायाची पट्टी गुरुवारी बदला, घट्ट नका बांधू. मी "बरं" म्हणाले. नवा पट्टीबंधक आला, तरतरीत होता. 'मेला' म्हणायचा. त्याच्या पट्ट्या कुत्री संध्याकाळपर्यंत फाडून टाकायची.

ताराबाईला काही झालं नाही. ती पुढे अनेक वर्षं मासळी विकत होती. रस्त्यात भेटली की मला विचारायची, "माजा तांब्या कंय हाय?" मी सांगायची, द्रोणागिरीला. "तू जातंस का कवा?" मी म्हणायची, वेळ होत नाही.

वेळ तीन वर्षांनी झाला. उरणला गुरांच्या शिबिराला गेले होते, परतताना गाडी वळवली. फाटकापाशी कंटेनरच्या सावलीत तांबे खुर्चीवर बसले होते. केस पिकले होते. मला पाहून उठले, खुर्ची मला दिली आणि समोरच्या टपरीवरून दोन कप चहा मागवला. मी विचारलं, काम काय असतं? म्हणाले, "गाड्यांचे नंबर लिहायचे. आत गेली, बाहेर आली." मग त्यांनी एकेका पिंजऱ्याची चौकशी केली. मी सांगत राहिले. चहा संपत आला तेव्हा जे सांगायला आले होते ते सांगितलं.

"तांबे, त्या दिवशी फोनवर मी विचारायला हवं होतं, कुठे गेला म्हणून."

"हो बाई," ते म्हणाले. "विचारायला पायजे होतं."

नाही हो, तुमची काय चूक, असं काहीतरी ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मग चौकशीत का नाही बोललात? पाचव्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. तेवढं बोलला असतात तरी..."

तांब्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला, आपल्या कपात ठेवला.

"तुमी बोलाल म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या ऑफिसला सविस्तर पत्र लिहिलं. पाचवा दिवस, फोन, माझी सूचना, सगळं. दोन महिन्यांनी उत्तर आलं : संबंधित कर्मचाऱ्याने चौकशीत आपली चूक स्वतः मान्य केलेली असल्याने प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. तांबे त्याच फाटकावरून निवृत्त झाले.