क्लॅरिनेटची पाळी

उन्हाळ्याच्या दुपारी अर्धवट झोपेत जे ऐकू येतं, त्यावर माझा अजून फार विश्वास आहे. अनसिंगच्या आमच्या घरात, सारवलेल्या गार जमिनीवर मी पडलेली असायची आणि बाहेरच्या कडुलिंबाखाली बाबा क्लॅरिनेट वाजवत असायचे. आधी स्वप्न पडायचं आणि त्यात ते वाजायचं, की आधी ते वाजायचं आणि त्याचंच स्वप्न व्हायचं, हे मला कधी ठरवता आलं नाही. माय म्हणायची, "उठ वो बाई, झोपीत काय मान हालवून राह्यली?"

बाबांची पार्टी लहानशी होती. बाबांचं क्लॅरिनेट, शेजारच्या काकांचा ट्रम्पेट, एक पेटीवाले, एक खुळखुळेवाले आणि माझे मामा जाझवर. एक मोठा ढोल, दोन लहान, आणि लोखंडी दांडीवर लटकणारी पितळी थाळी, या सगळ्या सरंजामाला बँडवाले जाझ म्हणत. मामांना सगळं गाव जाझमामाच म्हणायचं. सत्तरच्या दशकात आमच्या भागात बँड काही कमी नव्हते, पण ते सगळे सिनेमाची गाणी वाजवायचे. बाबांची तऱ्हाच निराळी.

तरुणपणी बाबा भुसावळला रेल्वेत खलाशी होते. तिथे साहेबलोकांच्या नाचाच्या हॉलात वाजवणारा एक गोवेकर म्हातारा त्यांना भेटला. त्यानं त्यांना क्लॅरिनेट शिकवलं आणि एक रीतही शिकवली. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून बांधलेली चाल वाजवायची, तो मुखडा. मग एकेकानं आपल्या पाळीत मनाला येईल ते वाजवायचं, काहीही, कितीही वेळ. बाकीच्यांनी नुसता हलका ठेका धरून थांबायचं. पाळी ज्याची, ती संपवायचीही त्यानंच. शेवटी सगळ्यांनी परत मुखड्यावर यायचं. ट्रम्पेटवाले काका पाळीत शिरले की बाहेर पडायचं नाव घेत नसत. पंगतीतला भात गार व्हायचा, नवरदेव जांभया द्यायचा, पण बाबांनी त्यांना कधी हात लावून थांबवलं नाही. "त्याची पाळी आहे," एवढंच म्हणायचे.

आणि बाबांचा स्वतःचा एक हट्ट होता. प्रत्येक नवरीच्या पाठवणीसाठी ते नवा मुखडा बांधायचे. लग्नाच्या आधी त्या घरी जायचे, चहा प्यायचे, मुलगी कशी बोलते, कशी हसते, पाण्याचा तांब्या कसा ठेवते ते बघत बसायचे. सारखं हसणाऱ्या एका मुलीच्या मुखड्याला त्यांनी मध्येच उड्या घातल्या होत्या. पाठवणीत वाजला की तो मुखडा त्या मुलीचा. पुन्हा कुठे वाजायचा नाही. कामरगावच्या एका बड्या शेतकऱ्यानं एकदा सांगून पाठवलं, की अमक्याच्या पोरीला वाजवलं तेच माझ्या पोरीलाही पाहिजे. बाबा म्हणाले, "तिची साडी मागाले जासान का?"

मग माझी सोयरीक जमली, तीही कामरगावच्याच एका घरी. सासरे शाळामास्तर, शिस्तीचे, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले. साक्षगंधाला सगळं गोडीगुलाबीनं झालं आणि उठता उठता ते बाबांना म्हणाले, "एक गोष्ट मानाची ठेवा, इवाई. लग्नात तुमी वाजवू नका. तुमची पार्टी वाजवो, पन तुमी नाही." बाबांनी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. "गावच्या मिरवनुकीत माह्या बापाले डफडं वाजवा लागे. बोलावलं की जा, बस म्हनलं की थांब, उरलंसुरलं घेऊन घरी ये. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं डफडं फोडलं. मी बाजूलेच उभा होतो. माह्या सुनेचा बाप लग्नात वाजवते हे मले पाह्यवनार नाही."

बाबा म्हणाले, "बरं." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. पाहुणे गेल्यावर माय चुलीपाशी भांडी आपटत होती. "घरचं झालं थोडं अन् इवायानं धाडलं घोडं!" मलाही सासऱ्यांचा राग आला, पण त्याहून बाबांचा आला. गावातल्या प्रत्येक मुलीला बाबांनी वाजवून वाटेला लावलं होतं. लहानपणापासून मी एकाच गोष्टीची वाट पाहत आले होते, माझ्या पाठवणीत बाबांची पाळी कशी असेल याची. ती मला हवी होती. दागिन्यांशिवाय चाललं असतं.

"त्याईचं म्हननं खोटं आहे का?" मी बाबांना विचारलं.

"खरं आहे."

"मंग तुमचं?"

"माहंबी खरं आहे," बाबा म्हणाले, आणि क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्यात गुंडाळायला लागले.

मुखडा तरी बांधाल ना, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुले रोज पाह्यतो. काही दिसतच नाही." मी फणकाऱ्यानं बाहेर निघाले आणि छत्री विसरली म्हणून लगेच आत आले. ही माझी जन्माची खोड. घरातून एकदाच निघाले असं कधी झालं नाही. माय म्हणायची, "हिले दोनदा निरोप द्या लागते."

लग्नाचा दिवस मला सलग आठवत नाही. पांढऱ्या साडीच्या काठावर पडलेलं मांडवातलं ऊन आठवतं, त्रिशरण-पंचशील म्हणतानाचा सगळ्यांचा एकत्र आवाज आठवतो, फुलं अंगावर पडताना डोळे आपोआप मिटत होते ते आठवतं. पाण्याखालून बघावं तसं सगळं संथ चाललं होतं. पंगती उठल्यापासून बाबा मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे होते. कोणी काही बोललं तर नुसती मान हलवत, तोंडातून शब्द काढत नव्हते. बायका म्हणाल्या, बापाचं मन भरून आलं. मलाही तसंच वाटलं आणि माझा राग विरघळला.

ऊन कलल्यावर पाठवणी निघाली. रस्त्यावर जीप उभी होती. कडुलिंबाखाली चौघं वाजवायला लागले, आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मुखडा नवा होता. सावकाश पुढे जायचा, जाता जाता थबकायचा, आणि काहीतरी राहिल्यासारखा झपकन मागे यायचा. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली, रडता रडता. ती मी होते. बाबांना मी दिसले होते.

मग पाळ्या सुरू झाल्या. पेटी झाली. काकांनी त्या दिवशी चक्क आवरतं घेतलं. त्यानंतरची पाळी नेहमी क्लॅरिनेटची. ती गाळून सरळ मुखड्यावर यायचं असं चौघांचं ठरलं होतं, तशी तालीमही झाली होती. पण ऐन वेळी कोणी मुखड्यावर आलंच नाही. काकांनी ट्रम्पेट खाली घेतला, पेटीवाल्यांनी भाता थांबवला, आणि मामा एका काडीनं थाळीवर हलका ठेका धरून राहिले. "हात पुढं जायेच ना," मामा मला नंतर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, पाळी ज्याची त्यानंच संपवायची. नसलेल्या माणसाची पाळी कोणी संपवायची ते कोणालाच माहीत नव्हतं.

थाळी बारीक वाजत राहिली. लोक बोलायचे थांबले. कडुलिंबाचा पाला हलत होता तोही ऐकू येत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला वाटलं, मी पुन्हा त्या सारवलेल्या जमिनीवर पडलेय आणि आता बाहेर क्लॅरिनेट सुरू होईल.

सासरे जीपपाशी होते. ते कडुलिंबाकडे आले. "थांबले काहून?"

"थांबलो नाही, गुरुजी," मामा म्हणाले. "पाळी चालू आहे."

"कोनाची?"

मामांनी ठेका सोडला नाही. सासऱ्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. बाबा हात जोडूनच उभे होते. सासरे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "इवाई, तुमाले वाजवाचा हुकूम कोनी देते का?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"वाजवता वाजवता कोनी बस म्हनलं, तं तुमी थांबसान का?"

बाबांनी पुन्हा मान हलवली.

सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. "मंग वाजवा," ते म्हणाले. त्या माणसावर माझं त्या क्षणी जे प्रेम बसलं, ते त्यांच्या शेवटापर्यंत टिकलं.

क्लॅरिनेट घरात फडक्यात गुंडाळलेलं होतं. कोणी हलायच्या आधी मीच पळाले. नवरी पांढऱ्या साडीचा घोळ धरून परत घरात शिरली म्हणून बायकांत कुजबूज झाली असेल, मला फिकीर नव्हती. मी फडकं सोडून तुकडे बाबांच्या हातात दिले. त्यांनी ते जोडले. मग गालात बोट घालून वेताची पातळ पत्ती बाहेर काढली आणि क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवली. ही पत्ती ओली असल्याशिवाय क्लॅरिनेट बोलत नाही. पंगती उठल्यापासून बाबा तिला गालात भिजवत उभे होते. शब्द मोडायचा नव्हता, आणि आशाही सोडायची नव्हती.

त्यांनी जे वाजवलं ते मला सांगता येणार नाही. मुखड्यातली मी त्यात सुरुवातीला होते, मग दुपारी होत्या, झोप होती, कुठल्या तरी स्टेशनवरचे दिवे होते, मग काहीच ओळखीचं उरलं नाही. जीपवाल्यानं चावी फिरवली तेव्हा सासरे त्याला म्हणाले, "थांब. पाळी चालू आहे." शेवटी बाबांनीच वाजवता वाजवता डोळ्यांनी मला खूण केली, जा. मी जीपमध्ये बसले. आम्ही निघालो तरी क्लॅरिनेट मागे वाजत होतं. फाट्यापर्यंत मी कान देऊन ऐकत होते. मुखडा आला नाही.

मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा आधी मामांना गाठलं. "मुखड्यावर कवा आले मंग?"

"कुठचा मुखडा!" मामा म्हणाले. "तुई जीप फाट्यावर वळली, धूळ बसली. त्याईनं क्लॅरिनेट खाली घेतलं अन् म्हनले, चला, भांडे आवरू. तो राह्यला तं राह्यलाच."

बाबा आत फडक्यानं क्लॅरिनेट पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले. साऱ्या जगाला मुखड्यावर यायला शिकवणारा माणूस स्वतःच कसा आला नाही, हे मला कळायला हवं होतं.

"मुखड्यावर काहून नाही आले, बाबा?"

बाबांनी वर पाहिलं नाही. "तू काहीतरी विसरून वापस येतेच," ते म्हणाले. "मले वाटलं, येशीन. म्हनून थांबलो होतो."

मी उठले, चपला घातल्या, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेले. तिथे जराशी थांबले आणि परत घरात आले.

बाबांनी पत्ती गालात धरली होती.